नॉर्वेजियन जोडशब्दांचा सांधा आणि इब्सेनचें ‘दुक्केयेम’

इब्सेनच्या एका नाटकाविषयीं मराठींत तीन पिढ्या बोललें व लिहिलें जात आहे. त्याचें ‘अ डॉल्स हाउस’ हें इंग्रजी नांव आपल्या तोंडीं इतकें बसलें आहे कीं तें मूळ नांव नव्हे, याची आठवणही सहसा कोणास होत नाहीं. प्रस्तुत लेखकानें फार वर्षांपूर्वीं एका व्याख्यानांत या इंग्रजी नांवांतील षष्ठीच्या खुणेवर बराच वेळ खर्च केला होता. बाहुली एकच आहे, अनेक नाहींत. ती बाहुली म्हणजे नोरा. घर तिचें आहे आणि तरीही तिचें नाहीं. असा मोठा डोलारा त्या लहानशा खुणेवर उभा करून त्यानें श्रोत्यांच्या टाळ्याही मिळविल्या. पुढें नॉर्वेजियन भाषेचा थोडाबहुत अभ्यास घडला, आणि कळून आलें कीं मूळ नांवांत षष्ठी नाहीं, एकवचन नाहीं, अनेकवचन नाहीं. फार काय, ‘हाउस’ देखील नाहीं. १८७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या नाटकाचें नांव ‘एत दुक्केयेम’ असें आहे. ‘एत’ म्हणजे ‘एक’; पुढला सगळा एकच शब्द. आमची सर्व टीका त्या शब्दाच्या सांध्यावर जावयास हवी होती. ती गेली इंग्रज भाषांतरकाराच्या खुणेवर.

तो सांधा कसला, हें समजण्यास त्या भाषेंत जोडशब्द कसा घडतो व कोठें तुटतो हें आधीं पाहिलें पाहिजे. पुढें येणारे नॉर्वेजियन शब्द मीं बहुतेक त्यांच्या लिपींतील वर्णांस अनुसरून दिले आहेत. उच्चारांत त्यांतील कांहीं वर्ण गळतात, पण आपला प्रश्न वर्णांचाच असल्यामुळें तेवढी मोकळीक वाचक देतील.

नॉर्वेजियनमध्यें दोन नामें एका वस्तूचें नांव होऊं लागलीं कीं तीं सलग लिहितात. मध्यें जागा सोडावयाची नाहीं, आणि बहुधा आडवी रेघही घालावयाची नाहीं. शेवटचें पद मुख्य; लिंग, वचन, तसेंच त्या भाषेंत शब्दाच्या शेपटीला चिकटणारें निश्चयदर्शक उपपद, हीं सर्व त्याच्या वाट्याचीं. परंतु उच्चारांत मान पहिल्या पदाचा; मुख्य आघात त्याच्यावर पडतो, दुसऱ्यावर गौण. तत्पुरुष व कर्मधारय यांचा ज्यांना परिचय आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें हें कीं हा समास पंडितांचा नव्हे. तो खाटकाच्या दुकानांतला, आगगाडीच्या वेळापत्रकांतला आणि स्वयंपाकघरांतला आहे, व गरज पडेल तसा रोज नवा घडतो.

खाटकाचेंच उदाहरण घ्या. ‘लाम’ म्हणजे कोंकरूं, ‘लोर’ म्हणजे मांडी. दोहोंच्या मध्यें एक ‘ए’ येऊन बसतो, त्याच्यामागील ‘म’ लिहिण्यांत दुहेरी होतो, आणि ‘लाम्मेलोर’ असा शब्द तयार होतो. पाटी रंगविणाऱ्यानें यांत बोटभर जागा सोडली कीं झालें ‘लाम्मे लोर’. पण ‘लाम’ हें विशेषणही आहे व त्याचा अर्थ लुळा. म्हणजे गिऱ्हाइकास कोंकराच्या मांडीऐवजीं लुळ्या मांड्या देऊं केल्या जातात! तसेंच ‘रॉइकफ्रित्त’ असें लिहिलें असेल तर त्या जागीं धूम्रपान वर्ज्य आहे. तेंच तोडून ‘रॉइक फ्रित्त’ लिहिलें तर ‘खुशाल ओढा’ अशी आज्ञा होते. हे विनोद नॉर्वेंत जुने व गुळगुळीत झालेले आहेत. आपल्याला मात्र ते वाचून पैठणच्या सातवाहन राजाची कथासरित्सागरांतील गोष्ट आठवावी. जलक्रीडेंत राणीनें ‘मा’ आणि ‘उदकैः’ हे दोन शब्द संधि करून उच्चारले, पाणी उडवूं नका एवढेंच तिला म्हणावयाचें होतें. राजानें ते एक शब्द म्हणून ऐकले आणि मोदक आणविले. तेथें दोन शब्दांचा एक झाला, येथें एकाचे दोन होतात. फजिती दोहींकडे सांध्याच्या अज्ञानानेंच झाली. राजा निदान लाजला, व्याकरण शिकला आणि त्याच्या निमित्तानें कातंत्र व्याकरण रचलें गेलें, असें कथा सांगते. पाटीवाल्यांकडून तेवढी अपेक्षा करतां येत नाहीं.

आतां तो मधला ‘ए’. त्याच्याच जोडीला ‘स’ आहे. पुष्कळ शब्दांत हे जुन्या षष्ठीचे अवशेष होत. प्रत्ययाचा अर्थ गेला, वर्ण तेवढा सांध्यांत राहिला. तो कोठें येईल व कोठें येणार नाहीं, हें परक्यास नियमानें शिकवितां येत नाहीं. ‘वीन’ म्हणजे द्राक्षमद्य, ‘ग्लास’ म्हणजे पेला. ‘वीनग्लास’ या शब्दांत सांधा कोरडा आहे. परंतु मद्य तांबडें असेल तर ‘रॉदवीन्सग्लास’. हा ‘स’ आला कोठून? पहिलें पद स्वतःच जोडशब्द झालें, म्हणून. येथें ‘स’ कोणताही विभक्त्यर्थ सांगत नाहीं. मोठा सांधा कोणता आणि लहान कोणता एवढेंच दाखवितो. आपल्याकडे लांबलचक समास वाचतांना विद्यार्थी पेन्सिलीनें जी उभी रेघ मारतो, तिचेंच काम हा ‘स’ करतो. सर्वत्र करतो असें नाहीं. पण जेथें करतो तेथें फार सुबक करतो.

कधीं कधीं हा एक वर्ण अर्थच बदलून टाकतो. ‘लान्द’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: देश, आणि शहराच्या उलट खेडवळ मुलूख. ‘लान्दमान्न’ म्हणजे शेतकरी. ‘लान्द्समान्न’ म्हणजे देशबंधु. एक ‘स’ घातला आणि नांगरामागचा मनुष्य राष्ट्राचा घटक झाला! येथें मोह होतो कीं नियम बांधून टाकावा: ‘स’ असेल तर देश, नसेल तर शेतशिवार. पण ‘लान्द्सबी’ हा शब्द पुढें येऊन तो नियम मोडतो. त्यांत ‘स’ आहे, आणि अर्थ मात्र खेडेगांव.

हा केवळ वैयाकरणांचा खेळ नव्हे. ईवार आसेन (१८१३–१८९६) यानें पश्चिम नॉर्वेच्या बोली गांवोगांव फिरून गोळा केल्या, १८४८ सालीं त्यांचें व्याकरण आणि १८५० सालीं कोश प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या आधारावर एक लेखनभाषा उभी केली. डेन्मार्कच्या राज्याबरोबर आलेली डॅनिश लेखनभाषा एकीकडे, आणि ही दुसरीकडे. आसेननें तिला नांव दिलें ‘लान्द्समोल’. ‘मोल’ म्हणजे भाषा. आतां हा ‘स’ देशबंधूंतला कीं खेड्यांतला? आसेनच्या मनांत अर्थ होता सगळ्या देशाची भाषा. शहरी विरोधकांच्या कानीं पडला तो खेडवळांची बोली असा. शब्द त्यांतील कोणासही खोटें पाडीत नव्हता. १८८५ सालीं तेथील विधिमंडळानें दोन्ही भाषांस समान दर्जा दिला, तरी नांवाची ही कुरबुर मिटली नाहीं. १९२९ सालीं ‘लान्द्समोल’ अधिकृत व्यवहारांतून गेलें व त्या जागीं ‘नीनोर्स्क’, म्हणजे नवी नॉर्वेजियन, असें नांव आलें. प्रतिपक्षाच्या भाषेस ‘बोकमोल’, ग्रंथभाषा, असें नांव मिळालें. नांव बदलण्याचीं इतर कारणेंही होतीं. पण ज्या शब्दाच्या सांध्यावर भांडण होऊं शकतें तो शब्द झेंड्यावर लिहिण्यास सोयीचा नसतो, हेंही खरें.

आतां ओळीच्या शेवटीं शब्द तोडण्याचा प्रश्न. हें छापखान्यांतल्या जुळाऱ्यांचें काम, साहित्याच्या मासिकांत त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु जेथें जोडशब्द सलग लिहावयाचे असतात तेथें सांधा डोळ्यांस दिसण्याचा प्रसंग एवढाच. ओळ संपली आणि शब्द मोडावा लागला तर. मोडण्याचे नियम मुख्यतः दोन. साध्या शब्दांत कान प्रमाण: दोन स्वरांमध्यें कितीही व्यंजनें असोत, शेवटचें एक पुढील ओळींत न्यावें. जोडशब्दांत घडण प्रमाण: दोन पदांच्या मधोमध तोडावें, मग व्यंजनांची वांटणी कशीही होवो. हे दोन नियम जेथें एकमेकांवर आदळतात तेथें खरी गंमत आहे.

‘लान्द्सदेल’ म्हणजे देशाचा विभाग. ‘लान्दस्तेद’ म्हणजे शहराबाहेरचें हौशीचें घर. रोमन लिपींत दोहोंचीं पहिलीं पांच अक्षरें तंतोतंत तींच आहेत. पण पहिल्यांत ‘स’ सांध्याचा, म्हणून ‘लान्द्स-देल’, दुसऱ्यांत तो पुढल्या ‘स्तेद’ या पदाचा (‘स्तेद’ म्हणजे स्थान, संस्कृत ‘स्था’चाच तो आप्त), म्हणून ‘लान्द-स्तेद’. कानाचा नियम लावला तर दुसऱ्याचे ‘लान्द्स-तेद’ असे दोन तुकडे पडतात, आणि ‘तेद’ असा शब्दच नाहीं. पंक्ति जुळविणाऱ्या यंत्रास नुसतीं अक्षरें दिसतात. घडण शिकविल्यावांचून त्यास हा भेद कळण्याची सोय नाहीं. देवनागरी वाचणाऱ्यास मात्र येथें आयता लाभ आहे. आपण ‘स्ते’ हें जोडाक्षर काढलें कीं ‘स’ कोणाचा हें बोलून झालेलेंच असतें.

‘नात्त’ म्हणजे रात्र, ‘तोग’ म्हणजे आगगाडी. जोडतांना तीन ‘त’ एकापुढें एक येतात. नॉर्वेजियन लेखनांत तीन सारखीं व्यंजनें एकत्र ठेवीत नाहींत, म्हणून एक गाळून ‘नात्तोग’ लिहितात. परंतु शब्द ओळीच्या शेवटीं आला आणि तोडावा लागला तर ‘नात्त-तोग’ असेंच तोडतात, व गळालेला तिसरा ‘त’ परत येतो. शब्दलेखनाच्या नियमांत इतका प्रामाणिक नियम मला दुसरा आढळला नाहीं. गाळलेला वर्ण गेला नाहीं, शेजाऱ्याच्या आड उभा आहे, एवढें लक्षांत ठेवूनच तो गाळावयाचा. ‘महत्’ आणि ‘त्व’ यांच्या जोडींतला एक ‘त’ खाऊन ‘महत्व’ लिहिणाऱ्या आमच्या लेखकांनीं तो कोठें ठेवला आहे, हें त्यांना कोणी विचारावें.

आणखी एक शब्द, तो इब्सेनच्याच घरचा. त्याच्या १८८४ च्या नाटकाच्या नांवांतील रानबदकाचें आजचें लेखन ‘विल्लान्द’. घडण ‘विल्ल’ (रानटी) आणि ‘आन्द’ (बदक). परंतु कानानें तोडलें तर ‘विल-लान्द’. ‘विल’ म्हणजे इच्छितो, आणि ‘लान्द’ तर आपल्या परिचयाचा झालाच आहे. माळ्यावर कोंडलेलें बदक एकाएकीं मुलखाची इच्छा करूं लागतें! इब्सेनच्या काळीं पहिलें पद ‘विल्द’ असें लिहीत, त्यामुळें त्याच्या पानावर हा घोटाळा संभवत नव्हता. पुढें लेखन उच्चाराच्या जवळ आणलें गेलें, आणि कानाची सोय झाली तेथें डोळ्याची गैरसोय झाली.

उलट, कित्येक शब्दांचा सांधा इतका मुरला आहे कीं तो आतां तोडावयासही सांपडत नाहीं. खिडकीला ‘विन्दू’ म्हणतात. जुन्या नॉर्सभाषेंत तो ‘विन्दाउगा’ होता: वाऱ्याचा डोळा. आपल्या ‘गवाक्षां’तही डोळाच आहे, तो गाईचा. आज ‘विन्दू’ ओळीच्या शेवटीं मोडला तर ‘विन-दू’ असा मोडतो. वारा आणि डोळा दोन्ही गेले, राहिले ते ‘मद्य’ आणि ‘तूं’. ‘कुंभार’ म्हणतांना आपण ‘कुंभकार’ आणि ‘माहेर’ म्हणतांना ‘मातृगृह’ कोठें ऐकतों?

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर एक शब्द असा सांगतों कीं ज्याच्यावांचून पुढील मुद्दा कळणार नाहीं. ‘फिस्केरेत्त’. याचा अर्थ माशांचें कालवण किंवा तसलें पक्वान्न. आणि याचाच अर्थ मासेमारीचा हक्क. पहिल्या अर्थीं ‘फिस्क’ (मासा), सांध्याचा ‘ए’, आणि ‘रेत्त’ (पक्वान्न). दुसऱ्या अर्थीं ‘फिस्के’ (मासे धरणें) आणि ‘रेत्त’ (हक्क). ओळ संपली तर दोन्ही अर्थीं तो ‘फिस्के-रेत्त’ असाच तुटणार. म्हणजे सांधा कोठें आहे हें शब्दाच्या तोडणीनें कळतें, पण सांध्यावरून काय ये-जा करतें, कोणता संबंध दोन पदांस बांधतो, हें तोडणी कधींच सांगत नाहीं. तें वाचणाऱ्यानें प्रसंगावरून ठरवावयाचें. आणि एकादा नाटककार तो प्रसंगच तीन अंक लांबवील, तर?

‘दुक्केयेम’ मध्यें नेमकें हेंच घडतें. ‘दुक्के’ म्हणजे बाहुली. हा शब्द मूळचाच ‘ए’कारान्त, म्हणून सांध्यांत कांहीं भरावें लागत नाहीं. ‘येम’ म्हणजे हाउस नव्हे. मुलांच्या खेळण्यांतील बाहुलीघरास नेहमींचा शब्द ‘दुक्केहूस’, तो हातीं असतां इब्सेननें टाळला. ‘हूस’ म्हणजे भिंती व छप्पर. ‘येम’ म्हणजे जेथें मनुष्य ‘घरीं’ असतो तें स्थान, तेथलीं माणसें आणि तेथली ऊब. आपल्या ‘संसार’ या शब्दाचा एक पदर त्यांत आहे. पडदा उघडतो तेव्हां प्रेक्षक साहजिकच सोपा विग्रह करतो: बाहुलीचें घर. नवरा लाडक्या नांवांनीं हाक मारतो, बायको बागडते. षष्ठीतत्पुरुष चोख बसतो. शेवटल्या अंकांत नोरा दोन जोडशब्द उच्चारते: ‘दुक्केहुस्त्रू’ आणि ‘दुक्केबार्न’. ‘हुस्त्रू’ म्हणजे पत्नी, ‘बार्न’ म्हणजे मूल. यांचा विग्रह षष्ठीनें करून पाहावा. बाहुलीची पत्नी? बाहुलीचें मूल? अर्थाचा विचका होतो. येथें कर्मधारयच घेतला पाहिजे: बाहुली हीच पत्नी, बाहुली हेंच मूल. नवऱ्यापाशीं ती पहिली होती, बापापाशीं दुसरी. आणि स्वतःचीं मुलें आपल्या बाहुल्या होतीं, हेंही ती त्याच दमांत कबूल करते.

मग प्रेक्षकाच्या मनांत नाटकाचें नांव पुन्हां उलगडूं लागतें. बाहुलीचें घर, कीं बाहुल्यांचें? बाहुलीसाठीं मांडलेलें घर, कीं घरच बाहुलीसारखें, वरून रंगविलेलें व आंत भुसा भरलेलें? हेल्मर हा खेळणारा, कीं तोही लोकलज्जेच्या हातांतला बाहुला? शब्द यांतील एकही अर्थ नाकारीत नाहीं, कारण सांध्यांत कांहीं लिहिलेलेंच नाहीं. माझ्या मतें या नाटकाची सर्व चाल त्या मोकळ्या सांध्यावर आहे. तीन अंकांत एका समासाचा विग्रह बदलतो. इंग्रजी नांवानें पहिल्या पानावरच षष्ठी लिहून टाकली, एकवचनही लिहून टाकलें, आणि ‘येम’चें ‘हाउस’ केलें. इंग्रजीचा यांत सर्वस्वी दोष आहे असें मी म्हणत नाहीं. पण आम्हां मराठी टीकाकारांस तर समास जन्मापासून ठाऊक. आम्हीं ती षष्ठी मूळची मानावी, हें अधिक लाजिरवाणें.

एक गोष्ट जातां जातां सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ‘हुस्त्रू’ हा शब्दही जुना जोडशब्दच. मूळ रूप ‘हूसफ्रू’, म्हणजे घराची स्वामिनी. बोलतां बोलतां ‘फ’चा ‘त’ झाला आणि दुसरें पद ओळखूं येईनासें झालें. नाटकाच्या नांवांतून जें ‘हूस’ इब्सेननें बाहेर ठेवलें तें असें पत्नीच्या नांवांत गाडलेलें आहे. त्याला हें अभिप्रेत होतें असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. त्या व्याख्यानानंतर असलीं धाडसें मीं सोडून दिलीं आहेत.

अनंत काणेकरांनीं १९४१ सालीं या नाटकाचें मराठी रूपांतर केलें तेव्हां त्याचें नांव ‘घरकुल’ ठेवलें. बाहुली गेली, हा तोटा उघड आहे. परंतु लहानशा घराला मायेनें म्हणावयाचा हा शब्द ‘येम’च्या ऊबेजवळ इंग्रजी ‘हाउस’हून कितीतरी अधिक जातो, आणि कोणाचें घरकुल हें सांगत नाहीं. ‘बाहुल्यांचा संसार’ असें म्हटलें असतें तर बाहुली परत आली असती, पण तिच्याबरोबर षष्ठी आणि अनेकवचनही आलें असतें. ‘बाहुलीसंसार’ हा समास कागदावर निर्दोष आहे, मात्र तो नाट्यगृहाच्या पाटीवर लिहावा असा आग्रह मी धरीत नाहीं.

इब्सेनचीं इतर नांवें तपासलीं तर हीच गोष्ट कमीअधिक प्रमाणांत दिसते. १८८१ चें ‘गेन्गांगेरे’ म्हणजे ‘पुन्हां चालूं लागणारे’. इंग्रजींत त्यांचीं नुसतीं भुतें झालीं, फ्रेंचांनीं मात्र ‘परत येणारे’ हा अर्थ राखला. बापाचे दुर्गुण मुलांत परत चालूं लागतात, हें ज्या नाटकाचें बीज, त्याच्या नांवांतून नेमकें ‘परत’ गाळावें, याला काय म्हणावें? ‘फोल्केफियेन्दे’ (१८८२) या एका शब्दाचे इंग्रजींत चार-पांच होतात. अर्थ शाबूत राहतो, पण जमावानें एका दमांत तोंडावर फेंकलेली शिवी राहत नाहीं.

ब्यॉर्नसनच्या ‘एन हान्स्के’ (१८८३) या नाटकाची गोष्ट थोडी निराळी. त्यावरून श्री. वि. वर्तकांनीं १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ लिहिलें. ‘हान्स्के’ म्हणजे हातमोजा. हा देखील कोणे काळीं जोडशब्द होता, जर्मन मुलखांतून आलेला: हात आणि जोडा, ‘हाताचें पायताण’! आतां त्याच्यांत ना हात दिसतो ना जोडा. तेथें वर्तकांनीं नांव साफ बदललें तें योग्यच केलें. मुरलेल्या सांध्यापुढें भाषांतरकाराचें कांहीं चालत नाहीं.

नॉर्वे आणि मराठी यांच्या संबंधांत ऋण एकतर्फी नाहीं, किंवा असलें तर तें आपल्याच माथ्यावर आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणींतील मराठीचा खंड (१९०५) सिद्ध केला तो स्टेन कोनो (१८६७–१९४८) या नॉर्वेजियन पंडितानें. कोंकणापासून हळबीपर्यंतच्या आपल्या बोलींचे नमुने त्यानें वर्गवार लावून ठेवले. त्याच्या भाषेचे दहा-वीस जोडशब्द आपण नीट तोडून पाहिले तर ती फेड म्हणावयाची नाहीं, व्याजही नाहीं.

इब्सेनला स्वतःला भाषाशुद्धीच्या चळवळींचें प्रेम नव्हतें. ‘पेर गिन्त’ (१८६७) मध्यें कैरोच्या वेड्यांच्या इस्पितळांत त्यानें हूहू नांवाचें एक पात्र आणलें आहे. तो आपल्या पूर्वजांची वानरभाषा परत प्रतिष्ठेस आणूं पाहतो, आणि हा टोला आसेनच्या अनुयायांस आहे हें तेथल्या प्रेक्षकांस सांगावें लागत नाहीं. गंमत अशी कीं हूहूचा देश म्हणून इब्सेननें आपला मलबार किनारा निवडला, आणि त्याचा धंदा एका जोडशब्दांत सांगितला: ‘मोल्स्त्रेवेर’, भाषेसाठीं धडपडणारा. हा शब्द ओळीच्या टोंकाला आला तर ‘मोल-स्त्रेवेर’ असा तोडावयाचा. येथला ‘स’ सांध्याचा नव्हे, धडपडीचा आहे.